कडक वहिनींनी ब्रेड टांगला

आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड आहे. ही माहिती मला शिंप्याने पुरवली. शिंप्याने गिऱ्हाइकाचं माप असं बाहेर सांगू नये आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याने ते कान देऊन ऐकू नये, हे दोन्ही मला मान्य आहे. पण त्याने सांगितलं आणि मी ऐकलं. उजवी बाही अर्धा इंच सैल शिवावी लागते म्हणे. बत्तीस वर्षं रोज इस्त्री फिरवली की दंडाला दुसरं काय होणार?

या बाईंना सगळी गल्ली कडक वहिनी म्हणते. कॉलर कडक, घडी कडक, बोलणंही तसंच. खाली लाँड्री, वर घर. लाँड्रीत पुढे काउंटर, त्यामागे भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेला लोखंडी दांडा, दांड्यावर हँगर, हँगरवर गल्लीची सगळी अब्रू. मागच्या खोलीत वाफेची इस्त्री, आणि तिच्या पलीकडे एक बुटकी, उबदार खोली, जिथे ओले कपडे वाळतात. थंडीत मी काहीतरी निमित्त काढून त्या खोलीच्या दाराशी उभा राहतो. वहिनी मला तिथून हाकलतात, पण जरा उशिराने. एवढी माया आहे.

त्यांचे नियम तीन. चिठ्ठी लावल्याशिवाय गिऱ्हाइकाचा कपडा दांड्यावर चढायचा नाही. खिशात जे सापडेल ते पाकिटात घालून परत द्यायचं, मग तो रुमाल असो नाहीतर प्रेमपत्र. आणि एकदा वर प्लास्टिकचं कव्हर चढलं की काम झालं. मग विचारायचं नाही, उचलायचं आणि पोचवायचं. हा तिसरा नियम लक्षात ठेवा. त्यानेच पुढे घात केला.

कपडे कधी मिळतील असं कोणीही विचारलं तरी उत्तर एकच, "मंगळवारी या." लग्न सोमवारी असलं तरी मंगळवारी. नवरदेव गयावया करतो, वहिनी चिठ्ठी फाडून हातात देतात. नंतर कपडे रविवारीच घरी पोचवतात, ती गोष्ट वेगळी. पण तोंडाने मंगळवारच.

कपड्यांवरून माणूस ओळखायची त्यांची हातोटी अशी की मला हेवा वाटतो. कोणाची कंबर वाढली, कोणाची नोकरी सुटली, कोणाच्या कोटाला बायकोचं नसलेलं अत्तर येतं, सगळं त्यांना ठाऊक. आणि एक अक्षर बाहेर नाही. एवढा मोठा खजिना गल्लीत असून मला त्यातला एक दाणा मिळू नये, यासारखा अन्याय नाही. तीस वर्षं प्रयत्न केले. संत्री नेऊन दिली, नवे पेपर नेऊन दिले. संत्री घेतली, पेपर इस्त्रीच्या टेबलावर अंथरले आणि म्हणाल्या, "काका, मंगळवारी या."

नशिबाने त्यांना नवरा आहे. त्याला आम्ही बटणराव म्हणतो. सुटलेली बटणं लावणं आणि सायकलवरून कपडे पोचवणं ही त्यांची खाती. शर्टाचं बटण असं लावतील की शर्ट फाटेल, बटण हलणार नाही. स्वतःच्या तोंडाला मात्र एकही लावलेलं नाही. पुढचं जे मी सांगतो आहे त्यातलं जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते बटणरावांकडून आलेलं आहे, आणि त्यात मी थोडंच मीठ घातलं आहे.

बटणरावांना एक मोठी बहीण आहे. वहिनी तिला वन्सं म्हणतात, म्हणून इथे मीही वन्संच म्हणतो; तोंडावर म्हणायची माझी छाती नाही. वन्सं एका मोठ्या हॉटेलात पंचवीस वर्षं नाश्त्याच्या हॉलच्या मुख्य होत्या. दोनशे माणसं सकाळी काय खातात, कसं खातात, कोण चोरून खिशात बन घालतं, हे सगळं त्यांच्या एका नजरेत. बाई तोलामोलाची, याबद्दल वाद नाही. धाकट्या भावाचा वाढदिवस दरवर्षी त्यांच्याच घरी, सकाळच्या नाश्त्याला, आणि टेबलाच्या मध्यभागी दरवर्षी तोच उंच, घुमटाच्या डोक्याचा इटालियन गोड ब्रेड. लोणी, अंड्याचा बलक, बेदाणे, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली. त्याचं नाव पॅनेटोने. वन्सं ते नाव असं घेतात की जणू सासर तिकडचंच. बटणराव त्याला पानाटोणा म्हणतात. जादूटोण्यातला टोणा. खाताना त्यांचा चेहराही कोणीतरी मंतरल्यासारखा होतो, त्यामुळे चुकीचं म्हणवत नाही.

आता तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनींना लग्न होऊन या घरी येऊन दोन वर्षं झाली होती. वन्संनी निरोप पाठवला, येताना दुकानातून तो ब्रेड घेऊन ये. वहिनींनी आणला. त्याच फेरीत चार घरचे शर्ट पोचवायचे होते. बसमध्ये गर्दी, मांडीवर ब्रेडचा खोका, हातात शर्टांचा गठ्ठा. शर्टांना सुरकुती पडू नये म्हणून वहिनींनी गठ्ठा सपाट जागी ठेवला. सपाट जागा म्हणजे खोका. वर स्वतःचं कोपर टेकवलं. शर्ट पोचले ते थेट परीटघडीचे. ब्रेड पोचला तो फायलीसारखा.

वन्संनी खोका उघडला, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या वहिनीने ब्रेडला इस्त्री करून आणलीय."

वाक्य चांगलं आहे. मी स्वतः सांगितलं असतं तर मलाही अभिमान वाटला असता. पण चांगल्या वाक्याचा तोटा असा की ते पुन्हा सांगावंसं वाटतं. वन्संनी ते तीस वर्षं सांगितलं, दर वाढदिवसाला, ब्रेडवर सुरी ठेवता ठेवता. मागच्या वर्षी तर ऐकायला नवा माणूस होता. वहिनींची लेक नुकतंच लग्न करून नवऱ्याला घेऊन आली होती. जावई मोकळेपणी हसला, त्या बिचाऱ्याचा काय दोष. लेक मात्र हसली नाही. खाली मान घालून ताटलीतले बेदाणे मोजत बसली. वहिनींनी ते पाहिलं.

त्याच टेबलावर त्या म्हणाल्या की पुढच्या वर्षी यांना साठ पूर्ण होतात, नाश्ता आमच्याकडे होईल, आणि ब्रेड मी करीन.

वन्सं म्हणाल्या, "कर की. पण शर्ट नाही गं तो, वाफ दिली की ताठ उभा राहायला."

जावई पुन्हा हसला. बटणराव म्हणतात, बायको गप्प बसली तेव्हाच मला घाम फुटला.

कृती मिळाली ती दुसऱ्या नियमामुळे. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याचा पांढरा कोट धुवायला आला होता, त्याच्या खिशात चार घड्यांचा कागद सापडला. दुसरं कोणी असतं तर गुपचूप उतरवून घेतलं असतं. वहिनींनी पाकिटात घालून परत दिला आणि मग सरळ विचारलं, मला उतरवून घेऊ द्याल का. स्वयंपाक्याने काउंटरवर बसून स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आणि बदल्यात त्याच्या कोटावरचा टोमॅटोचा तीन वर्षांचा डाग निघाला, जो दुसऱ्या कोणाच्या बापाला निघाला नसता.

त्यानंतर आठ महिने गल्लीला वास यायचा. लोण्याचा, संत्र्याचा, कधी करपल्याचा. लाँड्रीतून संत्र्याचा वास येतो म्हटल्यावर लोकांनी नाना तर्क केले. मी सगळ्यात आधी ओळखलं, कारण बटणराव मला आधीच बोलून गेले होते.

गंमत बघा. जन्मभर मळलेलं स्वच्छ करण्यात गेलेल्या बाईने आता मळायला घेतलं होतं. आणि हे काही साधं मळणं नाही. आंबवलेल्या पिठाचा एक गोळा आधी पाळावा लागतो. त्याला सकाळ-दुपार-संध्याकाळ पीठ-पाणी द्यायचं, ऊब द्यायची, नाहीतर तो रुसतो. बटणराव म्हणाले, "माझ्या पथ्यपाण्याकडे कोणी एवढं बघितलं नाही." गोळा वाळवणाच्या उबदार खोलीत ठेवलेला असायचा, दोन घरच्या चादरींच्या मधे. मग पीठ दोनदा मळायचं, दोनदा फुगू द्यायचं, आणि बलक नि लोणी थोडं थोडं घालत एवढं मळायचं की पिठाचा पापुद्रा ओढला तर पलीकडचं दिसावं. इथे तो जाड उजवा दंड कामी आला. कागदात लिहिलं होतं, यंत्र नसेल तर पाऊण तास. वहिनींना अर्धा तास पुरला.

पण कागदातली सगळ्यात मोठी अट शेवटी होती. भट्टीतून निघाला की हा ब्रेड इतका मऊ असतो की स्वतःच्याच वजनाने मटकन खाली बसतो. म्हणून बुडातून दोन सळ्या आरपार घालायच्या आणि गरम असतानाच उलटा टांगून ठेवायचा, दहा-बारा तास, पूर्ण गार होईपर्यंत. बटणरावांना वाटलं स्वयंपाक्याने थट्टा केली. खाण्याची वस्तू कोणी उलटी टांगतं का? लेकीला फोनवर सांगितलं तर तिलाही पटेना. वहिनींना मात्र त्यात नवल असं काही वाटलंच नाही. त्यांच्या मते जगात ज्या वस्तूला आकार टिकवायचा असेल तिने लटकायलाच पाहिजे. तारेचे दोन जुने हँगर सरळ केले, त्या झाल्या सळ्या. त्यांची टोकं वळवून ओव्हरकोटाच्या जाड लाकडी हँगरला अडकवली. झालं.

पहिला ब्रेड मात्र सळ्या बुडाच्या फार कडेला गेल्यामुळे सुटला आणि थेट दाताच्या डॉक्टरच्या पांढऱ्या कोटांच्या टोपलीत पडला. डॉक्टरला कोट मंगळवारी मिळाले नाहीत. त्याने आजवर कारण विचारलेलं नाही, आता हे वाचून कळेल. दुसरा फुगलाच नाही, तिसरा फुगला आणि करपला. नंतरचे लहान लहान केले, ते जमले. पूर्ण मापाचा, सगळ्यांना पुरेल असा, एकच करायचा होता आणि तो वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

शनिवारी दुपारी तो भट्टीतून निघाला. बटणरावांनी मला सायकल थांबवून सांगितलं, डोकं वर आलंय, असं, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर घुमट करून दाखवला. वहिनींनी सळ्या खुपसल्या, उलटा केला, आणि हँगर घेऊन खाली दुकानात आल्या, कारण वरच्या घरात एवढं वजन पेलेल असा दांडा नाही. मधल्या भागातला दांडा वाकतो. भिंतीजवळचा भक्कम. तिथे एकच हँगर होता, त्यावर माझा तपकिरी कोट धुऊन तयार. त्याच्या शेजारी ब्रेड टांगला. चिठ्ठी लावली नाही, ब्रेडचं गिऱ्हाईक घरातलंच. पण रात्री पूर्ण गार झाल्यावर त्यांना काळजी वाटली, दुकानात कपड्यांची बारीक लव उडते, ती वर बसेल. म्हणून त्यांनी, बत्तीस वर्षांच्या हाताच्या सवयीने, वरून प्लास्टिकचं कव्हर चढवलं.

आता मला माझ्या टोपीबद्दल सांगायला हवं. मी कोटाबरोबर एक टोपीही टाकली होती. लोकरीची, तपकिरी, उंच आणि गोल. माझी थोरली बहीण ती विणून देऊन गेली, आणि लोक तिला हसतात तरी मी ती घालतो. वहिनी टोप्यासुद्धा उलट्या टांगूनच वाळवतात. टोपी अजून दमट होती म्हणून मागच्या खोलीत होती. पण कोटाला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, एक कोट, एक टोपी.

रविवारी सकाळी सातला साठी पूर्ण झालेले बटणराव चष्मा न लावता कपडे पोचवायला निघाले. कोट दिसला. शेजारी कव्हरमधे काहीतरी तपकिरी, उंच, गोल, उलटं टांगलेलं दिसलं. कव्हर चढलेलं म्हणजे काम झालेलं. विचारायचं नाही, उचलायचं आणि पोचवायचं.

माझ्या दारात हँगर हातात देताना ते एवढंच म्हणाले की काका, टोपी यंदा जड झालीय, पाणी फार पिते. मी दार लावलं, कव्हर काढलं.

आयुष्यात मला पुष्कळांनी टोपी घातली आहे. भागीदाराने घातली, माझ्या जावयाने घातली, एकदा तर माझ्याच वकिलाने घातली. पण लोण्याची आणि बेदाण्यांची टोपी कोणी घालेल असं वाटलं नव्हतं. मी ती उलटीची सुलटी करून टेबलावर ठेवली. काय उभा होता तो ब्रेड. रुंद खांदे, वर फुगलेलं सोनेरी डोकं, डोक्यावर सुरीने दिलेली फुली नीट उमललेली.

आता मी कबूल करतो. तो कोणाचा आहे, कशासाठी आहे, त्यावर काय अवलंबून आहे, मला सगळं ठाऊक होतं. एखाद्या सज्जन माणसाने कोट चढवला असता आणि तसाच धावत परत नेऊन दिला असता. मी सुरी आणली. बचाव म्हणून एवढंच सांगतो की आठ महिने तो वास माझ्या खिडकीतून आत येत होता. मी एक फोड कापली. बारीक नाही.

ती अर्धी खाऊन होते तोच जिन्यावर पावलं वाजली.

वहिनी आठला खाली उतरल्या तेव्हा भिंतीजवळचा दांडा रिकामा होता आणि मागच्या खोलीत माझी टोपी लटकत होती. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. नवऱ्याला रागावण्यातही वेळ घालवला नाही. वन्सं नऊला येणार होत्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी आत आल्या, हातात माझी टोपी.

"काका, तुमची टोपी," म्हणाल्या, आणि मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

मला बोलता येण्यासारखं नव्हतं, तोंड भरलेलं होतं. आठ महिन्यांच्या मेहनतीला मी खांद्यापासून पायापर्यंत कापलं होतं. अख्खा, उंच, टेबलाच्या मध्यभागी उभा करायचा, वन्संच्या समोर, लेकीच्या समोर, जावयाच्या समोर, एवढाच त्यांचा बेत होता. आता तो खिसा फाटलेल्या कोटासारखा दिसत होता.

त्या जवळ गेल्या. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. वाकून कापलेल्या बाजूकडे पाहत राहिल्या. कापड पारखताना दाबतात तसा अंगठा मऊ भागावर दाबला आणि उचलला. खळगा पडला आणि आपोआप वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. आतून पिवळाधमक, मोठ्या मोठ्या जाळीचा, आणि कुठे कच्चा नाही, कुठे बसलेला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पूर्ण मापाच्या ब्रेडचं पोट त्यांनीही आत्ताच पहिल्यांदा पाहिलं होतं. रात्रभर त्यांना त्याचीच धास्ती होती. वरून देखणा आणि आतून ओला निघाला तर, सुरी वन्संच्या हातात असताना?

वहिनी सरळ उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"कसा लागला?" त्यांनी विचारलं.

मी गिळलं आणि खरं ते सांगितलं. काय सांगितलं ते लिहीत नाही, म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते एवढं समजा.

"मग कोट चढवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कापलात, तुम्हीच वन्संना उत्तर द्यायचं. आणि ब्रेड तुम्ही धरायचा."

त्यांनी तो पुन्हा उलटा केला, सळ्या हँगरला अडकवल्या, हँगर माझ्या हातात दिला. म्हणून त्या रविवारी गल्लीने मला परीटघडीच्या कोटात, डोक्यावर दमट टोपी आणि हातात उलटा टांगलेला ब्रेड घेऊन जाताना पाहिलं. दूधवाल्याने सायकल थांबवली. मी त्याला मान तुकवली. अशा वेळी माणसाने ताठ चालावं.

लाँड्रीच्या दाराशीच टॅक्सी थांबली आणि वन्सं उतरल्या, मागोमाग त्यांचे यजमान. यजमान अबोल गृहस्थ. लग्नानंतर बोलायची वेळच आली नाही असं बटणराव म्हणतात. वन्संच्या काखेत एक खोका होता, वर लाल फीत. हॉटेलच्या ओळखीतून आणलेला ब्रेड. वेळप्रसंगी असावा म्हणून. वहिनींनी खोक्याकडे पाहिलं, आणि त्यांची मान जरा आणखी ताठ झाली.

वन्संनी माझ्या हाताकडे पाहिलं. "हे काय? कुठल्या दुकानातून मागवला?"

मला उत्तर द्यायचा हुकूम होता. मी म्हटलं, "ताई, ज्या दुकानात हँगरला ब्रेड मिळतो, असं दुकान तुम्हीच दाखवा."

वन्संनी चष्मा लावला. बुडातून आरपार गेलेल्या तारा पाहिल्या. लाकडी हँगर पाहिला, त्यावर लाँड्रीचा रंगवलेला आकडा पाहिला. मग माझं कृत्य पाहिलं, ती कापलेली खाच, आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी खिशात बन घातलेल्या माणसाकडे त्या हॉटेलात टाकत असतील. अख्खा असता तर त्या म्हणाल्या असत्या, विकतचा आहे, आणि कोणालाही उलट सांगता आलं नसतं. पण कुठल्याही दुकानातून अर्धवट खाल्लेला, लाँड्रीच्या हँगरला लटकवलेला ब्रेड येत नाही. माझ्या भुकेने साक्ष दिली. हे पुण्य माझं नाही, पण मी ते नाकारणारही नाही.

वर टेबल मांडलेलं होतं. पांढरी चादर, तिच्यावर एकही सुरकुती नाही. लेक आणि जावई आदल्या दिवशीच आले होते. लेकीने कापलेली बाजू पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. बटणराव कोपऱ्यात, आपल्याच वाढदिवसाला आरोपीसारखे उभे. वहिनींनी ब्रेड मध्यभागी ठेवला, खाच मुद्दाम वन्संच्या बाजूला करून. लपवायचं नाहीच, असं ठरवलेलं दिसलं.

वन्संनी सुरी घेतली नाही. त्यांनी हाताने, खाचेच्या कडेतून, वरून खाली एक तुकडा सोलून काढला. त्याचा भुगा झाला नाही. लांब लांब धाग्यांनी सोलला गेला, लोकर पिंजावी तसा. वन्सं धाग्यांकडे बघत राहिल्या. मग तोंडात घातला. आमच्यातलं कोणी असतं तर सभ्यपणे खोटं बोललं असतं. पण पंचवीस वर्षं ज्या जिभेने नाश्ता पारखला ती जीभ त्या बाईला खोटं बोलू देईना. भुवया वर गेल्या, खाली आल्या. त्यांनी विचारलं, लोणी किती वेळा घातलं. वहिनी म्हणाल्या, सहा वेळा. त्यांनी विचारलं, किती तास टांगलास. वहिनी म्हणाल्या, सतरा, त्यातले शेवटचे काकांच्या हातात.

इतक्यात वन्संच्या यजमानांना वाटलं, दरवर्षी या वेळेला जो विनोद होतो तो राहून गेला. तीस वर्षांची सवय. त्यांनी आठवण करून दिली, "ते इस्त्रीचं..."

वन्संनी हात वर केला.

"ती गोष्ट आता पुरे," त्या म्हणाल्या. "मी सुरू केली होती, मीच बंद करते." आणि जावयाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या सासूने केलाय हा. आमच्या हॉलमधे असा वर्षातून एखादा यायचा, तोही सगळ्यांच्या हाताला नाही यायचा. नीट बसून खा."

मग त्यांनी आपला खोका उचलला. फीत सुटली होती, ती पुन्हा नीट बांधली, आणि खोका टेबलाखाली, पायाशी ठेवून दिला.

वहिनी स्टोव्हकडे वळल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. पण मी त्यांच्या बाजूला बसलो होतो, मला दिसलं. इस्त्रीची बाई, वाफ डोळ्यांत जाण्याची सवय असलेली, त्यामुळे डोळे पुसण्याचं कारण शोधावं लागलं नाही.

त्यानंतर खरा नाश्ता झाला. जाड फोडी अंडं, दूध आणि किसलेल्या संत्र्याच्या सालीत बुडवून लोण्यावर परतल्या, वर बारीक साखर भुरभुरवली, बाजूला स्ट्रॉबेरी आणि किटली भरून कॉफी. परतलेल्या फोडीच्या कडा कुरकुरीत आणि आत खिरीसारखं मऊ. बटणरावांनी चार खाल्ल्या आणि मंतरले गेले. पाचवीच्या वेळी वहिनींनी विचारलं, चष्मा कुठाय तुमचा. ते लगेच उठून चष्मा लावून आले आणि पाचवी मिळाली. लेक आता मान वर करून बसली होती. नवऱ्याला सांगत होती की आईने अर्ध्या तासात मळलं, यंत्राशिवाय. आणि आईचा दंड दाब म्हणाली. जावयाने घाबरत घाबरत दाबला. मग तो जे हसला ते वेगळं हसणं होतं.

मला बोलावलेलं नव्हतं. पण ज्याने कोट घातला आहे त्याला ऊठ कसं म्हणणार? मी तीन खाल्ल्या, सकाळची धरून साडेतीन.

निघताना वन्सं जिन्यात थांबल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. घरी माणसं येणार होती. म्हणाल्या, "मला एक करून देशील?"

ही बाई कोणाकडे काही मागताना मी पहिल्यांदाच पाहिली. वहिनी काउंटरमागे गेल्या, कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. नाव लिहिलं, खाली लिहिलं, एक ब्रेड. चिठ्ठीचा अर्धा भाग फाडून वन्संच्या हातात दिला, बाकी गिऱ्हाइकांना देतात तसा, ना कमी ना जास्त.

"मंगळवारी या," म्हणाल्या.

वन्संनी चिठ्ठी घडी करून पर्समधे नीट ठेवली. पुढच्या महिन्यात त्या सोमवारीच आल्या. हँगर भिंतीजवळ दिसत होता, कव्हरसुद्धा चढलेलं होतं. मी तिथेच होतो, ऊब घ्यायला. वहिनींनी वन्संना रिकाम्या हाती परत पाठवलं, आणि वन्सं मंगळवारी चिठ्ठी घेऊन पुन्हा आल्या.